यंत्राच्या नकाराची पोचपावती

रेशनचे धान्य, निराधारांचे अनुदान, रोजगार हमीची मजुरी, एस. टी.च्या तिकिटातील सवलत, ग्रामपंचायतीचा दाखला या साऱ्यांसाठी पूर्वी कागद लागत असे. आता कार्ड आणि अंगठा लागतो. हा बदल निव्वळ कारकुनी आहे, त्यात तत्त्वाचा प्रश्न कोठे येतो, असे आपल्यातील काही मित्र विचारतात. आमच्या मते तत्त्वाचा प्रश्न येतो, आणि तो अगदी साधा आहे. कार्ड वा अंगठा चालला नाही, तर नागरिकाचा हक्क शिल्लक राहतो की नाही, आणि राहत असल्यास तो त्याने कोणाकडे मागावयाचा?

महाराष्ट्राला कार्डाचे नावीन्य नाही. मुंबईत १९४३ साली रेशनिंग सुरू झाले, तेव्हापासून शिधापत्रिका हा गरिबाच्या घरातील सर्वांत जपून ठेवलेला कागद आहे. १ मे १९९९ पासून राज्य शासनाने त्याला पिवळा, केशरी व पांढरा असे तीन रंग दिले आणि माणसाची पत कार्डाच्या रंगावर ठरू लागली. या कागदाच्या भोवती लबाडीही भरपूर झाली. अस्तित्वात नसलेल्या कुटुंबांची कार्डे, हजेरीपटावर मेलेल्या मजुरांची नावे, दुकानाच्या मागच्या दाराने जाणारा गहू हे सारे आपल्या कार्यकर्त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याविरुद्ध मोर्चेही काढले आहेत. म्हणून जुन्या कागदाचे गोडवे गाण्याचे आपल्याला कारण नाही. मात्र एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांच्या पुढ्यात जाब देणारा माणूस होता. त्या माणसाला घेराव घालता येत असे, त्याच्याकडून लेखी आश्वासन घेता येत असे. दुकानदाराच्या हातातील यंत्र ‘जुळत नाही’ एवढेच सांगते. दुकानदार म्हणतो तहसीलला जा, तहसीलचा कारकून म्हणतो आधार केंद्रात जा, आणि आधार केंद्र म्हणते बोटांचे ठसे झिजले आहेत, त्याला आम्ही काय करणार!

कोणाची बोटे झिजतात? खडी फोडणाऱ्याची, ऊस तोडणाऱ्याची, धुणी-भांडी करणाऱ्या बाईची, सत्तरी ओलांडलेल्या शेतमजुराची. ज्यांच्यासाठी योजना आहे, नेमक्या त्यांचाच ठसा यंत्राला पटत नाही.

तरीही यंत्राला सरसकट विरोध करणे आम्हांला मान्य नाही. त्यासाठी अविभक्त आंध्र प्रदेशाचे उदाहरण बारकाईने पाहण्याजोगे आहे. तेथील सरकारने २००६ पासून रोजगार हमीची मजुरी आणि सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतने यांच्या वाटपासाठी बोटांचे ठसे असलेली स्मार्टकार्डे देण्यास सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाऊस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी आठ जिल्ह्यांत, सुमारे १ कोटी ९० लाख लोकवस्तीच्या प्रदेशात या योजनेची पाहणी केली. त्यांचा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. मजुरी लवकर मिळू लागली, ती घेण्यासाठी लागणारा वेळ घटला, मधल्यामध्ये होणारी गळती पुष्कळ कमी झाली आणि मजूर कुटुंबांची रोजगार हमीतील कमाई सुमारे २४ टक्क्यांनी वाढली. हे यश मोठे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु हे यश कशामुळे मिळाले? दोन वर्षे उलटल्यावरही तेथील जवळपास निम्मेच वाटप नव्या पद्धतीने होत होते. ज्यांच्याकडे कार्ड नव्हते, त्यांचे पैसे सरकारने अडविले नाहीत; त्यांना जुन्या पद्धतीने ते मिळतच राहिले. शिवाय पैसे वाटणारी व्यक्ती गावातीलच असावी, ती बचतगटातील शिकलेली बाई असावी, दुर्बल समाजातील असावी, असा दंडक होता. म्हणजे यंत्र गावात आले ते गावातल्याच एका बाईच्या हातात. यंत्र बिघडले तर तिचे दार ठोठावता येत होते.

झारखंडात हीच विद्या रेशनमध्ये आली, पण सक्तीने. तेथे त्याच अभ्यासकांना निराळे चित्र दिसले. अंगठ्याच्या सक्तीने गळती कमी झाली नाही. ज्यांचा आधार क्रमांक शिधापत्रिकेशी आधी जोडला गेलेला नव्हता, त्यांना मिळणारा लाभ मात्र सरासरी सुमारे १० टक्क्यांनी घटला, आणि काहींना तर काहीच मिळेनासे झाले. याचे कारण समजण्यास अर्थशास्त्र लागत नाही. दुकानदार अंगठा घेतो पस्तीस किलोवर आणि माप घालतो तीस किलोंचे. ही चोरी यंत्राला दिसणार कशी? यंत्र माणूस ओळखते, तराजू ओळखत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये याच राज्याच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी गेली. आधारशी जोडले नाही म्हणून त्या कुटुंबाचे रेशनकार्ड रद्द झाले होते. मृत्यू मलेरियाने झाला, उपासमारीने नव्हे, असे सरकारने सांगितले. वाद वैद्यकीय कारणाबद्दल चालू राहिला. त्या घरचे धान्य बंद होते, एवढे पुरेसे लाजिरवाणे नव्हते काय?

यानंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्रीय अन्न मंत्रालयाने परिपत्रक काढून आधारअभावी कोणालाही धान्य नाकारू नये, असे राज्यांना बजावले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक मताने आधार कायदा बव्हंशी वैध ठरविला, तेव्हाही ठसे जुळले नाहीत म्हणून हक्कदाराला वगळता कामा नये, हे निकालात नमूद झाले. परिपत्रक आहे, निकाल आहे; पण हे कागद रेशन दुकानाच्या भिंतीवर कोठे लावलेले दिसतात काय?

आधारचा आरंभ आपल्याच राज्यात झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत पहिले क्रमांक दिले गेले. तेव्हा भाषा ओळख मिळण्याची होती, सक्तीची नव्हती. आता उलटी गत झाली आहे. मुख्यमंत्री लाडकी बहीण योजनेचे पाहा. २०२४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर दरमहा दीड हजार रुपये वाटताना फारशी चौकशी झाली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र इलेक्ट्रॉनिक पडताळणी सक्तीची झाली आणि बाईच्या आधारबरोबर तिच्या पतीचा वा वडिलांचा आधारही मागण्यात आला. विधवा आणि घटस्फोटिता यांची अडचण पुढे आल्यावर मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय करण्यात आली. गावातल्या माणसाकडेच शासनाला परतावे लागले! पण जी परित्यक्ता आहे, जिच्या नवऱ्याने तिला टाकले आहे पण घटस्फोट दिलेला नाही आणि जो मेलेलाही नाही, तिने कोणता कागद आणावयाचा? तिचा हक्क तिला टाकणाऱ्याच्या मोबाइलवर येणाऱ्या आकड्याशी बांधण्याची बुद्धी ज्या कचेरीत सुचली, तेथे परित्यक्तांच्या चळवळीची गंधवार्ताही पोहोचलेली नाही, असेच म्हणावे लागेल.

यंत्राचे काही लाभ निर्विवाद आहेत. बीडचा ऊसतोड कामगार कारखान्याच्या तळावर, वा डहाणूचा मजूर गुजरातेत गेल्यावर तेथे आपले धान्य उचलू शकतो, ही सोय कागदी कार्डाने होणे कठीण होते. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात ती ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाली. तिचे स्वागतच केले पाहिजे.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली पाहिजे, नाकारल्यास कारण लेखी दिले पाहिजे, त्यावर दोन अपिले आणि नंतर आयोग, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंड, अशी त्याची रचना आहे. कायदा चांगला आहे. परंतु त्याचे चाक फिरते ते अर्जाच्या पोचपावतीवर. यंत्राने अंगठा नाकारला, तर नागरिकाच्या हाती काहीच उरत नाही: अर्ज नाही, नकार नाही, तारीख नाही. त्या दिवशी ती बाई दुकानात आली होती, याचा पुरावादेखील तिच्यापाशी नसतो. ज्या नकाराची नोंद नाही, त्यावर अपील कोणी करावे? म्हणून यंत्राच्या प्रत्येक नकाराची छापील पावती त्याच जागी मिळाली पाहिजे, ही मागणी वरवर क्षुल्लक दिसली तरी आपल्या लढ्यात ती अग्रभागी असावयास हवी.

दुसरी मागणी स्थानिक स्वराज्याची आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे. त्याच्या २८ व्या कलमाने सामाजिक अंकेक्षणाचे काम स्थानिक प्राधिकरणांवर सोपविले आहे. ओळख पटविण्याचा अंतिम अधिकारही ग्रामसभेला आणि शहरात प्रभाग समितीला का असू नये? टेंभलीत कोण राहते, हे टेंभलीला कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक ठाऊक आहे. यावर गावातील धनदांडगे आपल्याच माणसांची नावे घुसवतील, असा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. दलित वस्तीतील बाईचे नाव ग्रामसभेतही गाळले जाऊ शकते. पण तेथे उभे राहून भांडता येते. संगणकाच्या यादीशी भांडता येत नाही. शहरांत तर प्रतिनिधीच गायब करण्यात आले होते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. पुण्यातही तेच झाले. नगरसेवक नाही, समिती नाही, आणि तक्रार करावयाची ती संकेतस्थळावर, ही त्या काळातील सोय लोकशाहीची होती असे कोणीही म्हणणार नाही.

कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील रेशन दुकानांवर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात बसावे. कोणाचा अंगठा नाकारला गेला, कितव्या खेपेला, धान्य शेवटी मिळाले की नाही आणि वजन किती भरले, याची वही ठेवावी. तराजू तपासण्यास विसरू नये. परित्यक्ता, एकट्या स्त्रिया आणि हात झिजलेले वृद्ध यांच्या घरी जाऊन वेगळी यादी करावी. २०१७ चे परिपत्रक आणि २०१८ चा निकाल यांतील संबंधित भाग मराठीत छापून प्रत्येक दुकानावर लावावा. ही वही घेऊन प्रथम ग्रामसभेत आणि मग तहसीलदाराकडे जावे, आणि तेथे अर्ज देऊन पोचपावती घेतल्याखेरीज परत फिरू नये.