जम्प स्टार्टर: ढोबळ आणि निव्वळ

चातुर्मासात प्रवास आवरता घेणाऱ्या घरांतील गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते आणि तिची थकलेली बॅटरी पुढे नेमकी यात्रेत दगा देते. मांगीतुंगीच्या पायथ्याशी सायंकाळी असे घडले, तर चौविहाराचा नियम असणाऱ्यांची भोजनाची वेळही टळते. अशा वेळी हातात मावणारा जम्प स्टार्टर उपयोगी पडतो. मात्र खरेदी करताना वेष्टनावरील ‘पीक अँपियर’ला भुलू नये; तो क्षणभराचा प्रवाह, इंजिन फिरवणारा सलग प्रवाह त्याहून पुष्कळ कमी. पॉवर बँकेचेही तसेच. 20,000 एमएएच हे माप आतील 3.7 व्होल्टच्या सेलचे, म्हणजे 74 वॅट-तास. 5 व्होल्टने बाहेर पडताना ते 14,800 भरते, त्यातही घट जाते. ढोबळ आणि निव्वळ वजनातला फरक पेढीवर बसणाऱ्यास वेगळा सांगावा लागू नये!

जम्प स्टार्टर उन्हात बंद गाडीत ठेवू नये, दर तीन महिन्यांनी चार्ज करावा. लाल चिमटा धन टोकासच लावावा. गाडी सुरू होताच दोन्ही चिमटे काढावेत. विमानप्रवासात 100 वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक हातातील पिशवीतच न्यावी.