जुन्या गाडीचा अडणारा गिअर

आंबेनळी घाट चढणाऱ्या जुन्या टेंपोचा गिअर खरखरू लागताच आमचे शेतकरी बंधू गिअरबॉक्स उघडावयास लावतात. आमच्या मते हा खर्च अनेकदा अनाठायी असतो. प्रथम गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून, सर्व गिअर टाकून पाहावेत. ते सहज पडले, पण इंजिन चालू होताच अडू लागले, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे बहुधा समजावे. धावत्या गाडीत एकच गिअर खरखरल्यास त्याची पितळी कडी झिजली असावी. जुलै २०२१ च्या पुरात महाडास बुडालेल्या गाडीचे वंगण अद्याप बदलले नसल्यास ते अवश्य पाहावे. दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे. घाट उतरताना गिअर न पडणे म्हणजे जिवाशी गाठ. म्हणून भाताची पोती चढविण्यापूर्वीच ही परीक्षा व्हावी.