युद्धवार्ता आणि शब्दसंपदा

मुलांचा इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा, ही आपल्याकडील पालकांची नित्याची विवंचना. घरी मराठी, शाळेत व बाजारात हिंदी, आणि पुढील परीक्षांसाठी इंग्रजी, अशी आपल्या मुलांची तिहेरी कसरत चाललेली असते. शब्दांच्या याद्या घोकून घेण्यापेक्षा वर्तमानपत्र वाचावयास लावावे, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहो. त्यातही युद्धाच्या बातम्या शब्दशिक्षणास विशेष उपयोगी पडतात. हे लिहिताना मनास संकोच वाटतो, पण ते खरे आहे. तेच शब्द रोज नव्या संदर्भात येतात, सोबत नकाशा असतो, आणि पुढे काय झाले या उत्सुकतेने मूल मजकूर शेवटपर्यंत वाचते.

मात्र कोशातील पहिला अर्थ वहीत उतरवला की शब्द आला, असे नव्हे. ‘कॅज्युअल्टी’ या शब्दापुढे बहुतेक विद्यार्थी ‘मृत’ असे लिहितात. सैनिकी परिभाषेत मात्र त्यात मृत, जखमी, बेपत्ता आणि शत्रूच्या हाती सापडलेले असे सारेच मोडतात. १९९९ च्या कारगिल युद्धात अधिकृत आकड्यांनुसार आपले ५२७ जवान धारातीर्थी पडले आणि १,३६३ जखमी झाले. हे दोन्ही आकडे त्या एका शब्दात सामावतात. ज्या घरचा मुलगा सीमेवर आहे, त्या घराला या दोन अर्थांतील अंतर निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या मुलांपुढे आणखी एक अडचण असते. इंग्रजी ‘सीजफायर’ला मराठीत ‘युद्धबंदी’ हा जुना रुळलेला शब्द आहे. हिंदीत मात्र ‘युद्धबंदी’ म्हणजे युद्धकैदी! १९७१ च्या डिसेंबरात दोन्ही गोष्टी एकदमच घडल्या. १६ तारखेस ढाक्यात पाकिस्तानी सेनेने शरणागती पत्करली व सुमारे ९३,००० जण आपल्या ताब्यात आले. १७ तारखेस पश्चिम आघाडीवर लढाई थांबली. घरात एक अर्थ आणि शाळेत दुसरा, अशा स्थितीत मुलाने गोंधळू नये तर काय करावे? शरणागतीच्या त्या लेखास इंग्रजीत ‘इन्स्ट्रुमेंट’ म्हणतात. कंपासपेटीतील उपकरणाशी त्याचा संबंध नाही. येथे त्याचा अर्थ कायदेशीर दस्तऐवज.

लढाई थांबणे आणि युद्ध संपणे यांतही भेद आहे. ‘आर्मिस्टिस’ म्हणजे युद्धतहकुबी, ‘ट्रीटी’ म्हणजे तह. कोरियात २७ जुलै १९५३ रोजी तहकुबी झाली. शांततेचा तह अद्याप झालेला नाही. मुलास हे समजावण्यास दूर जावयास नको. ग्वाल्हेरजवळच्या सालबाई येथे १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने मराठे व इंग्रज यांच्यात झाला तो तह. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तशी तहकूब झालेली लढाईही पुन्हा पेटू शकते.

काही शब्द तर मुळी लपविण्यासाठीच योजलेले असतात. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी रणगाडा बांधला, तेव्हा गुप्ततेसाठी ती पाण्याची टाकी असल्याचे भासविले आणि ‘टँक’ हेच नाव त्यास चिकटले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत तो प्रथम उतरला. या इंग्रजी शब्दाचे मूळ कोशकार आपल्या ‘टाके’ शब्दाशी व गुजरातीतील त्याच्या भावंडाशी जोडतात. तहान भागविणाऱ्या शब्दाच्या नशिबी हे यावे!

१९९१ च्या आखाती युद्धापासून ‘कोलॅटरल डॅमेज’ हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांत चांगलाच रुळला. बँकेच्या व्यवहारातून ‘कोलॅटरल’ म्हणजे तारण हे ठाऊक असलेला मुलगा येथे अडखळतो. ‘आनुषंगिक हानी’ असे भाषांतर केले तर गुण मिळतील. पण घडले काय, ते कळणार नाही. ‘नेम दुसरीकडे होता, मेली ती घरात बसलेली माणसे’ असे त्याने लिहिले, तर शब्द खरा समजला.

म्हणून पालकांना आमची एक सूचना आहे. रोज तीनच शब्द घ्यावेत. प्रत्येकापुढे अर्थ लिहून झाल्यावर, ती बातमी आजीला कळेल अशा साध्या मराठीत एका वाक्यात सांगावयास लावावी. सांगता आली नाही, तर एक तर आपल्याला शब्द कळलेला नाही, किंवा त्या शब्दाने काही झाकून ठेवले आहे. कोणते ते शोधण्यास मुलाजवळ बसावे. याने इंग्रजी सुधारेल, मराठीही टिकेल. आणि ज्यांच्या दुःखातून आपण हे शब्द वेचतो, ती माणसे मुलाच्या लेखी नुसते आकडे राहणार नाहीत.