पगाराची तारीख आणि पेठेची खतावणी



एखाद्या तालुक्यात लोक कशावर जगतात, हे जाणून घेण्याचे दोन मार्ग आहेत. एक जनगणनेच्या तक्त्यांचा आणि दुसरा पेठेतल्या खतावणीचा. उधारीच्या वहीत प्रत्येक खात्यापुढे वसुलीची एक अपेक्षित तारीख असते. ती लिहिलेली नसली, तरी दुकानदाराच्या मनात पक्की असते. गिऱ्हाइकाच्या घरात पैसा कोठून येतो आणि केव्हा येतो, याचा तोच खरा पुरावा. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत गेल्या साठ-सत्तर वर्षांत ही तारीख तीन वेळा बदलली आणि आता तर ती जवळजवळ नाहीशी झाली आहे. या बदलाचा अर्थ व्यापारी कुटुंबांनी समजून घ्यावा, एवढ्यासाठी हा लेख.

पहिली तारीख सुगीची. सावित्री-गांधारीच्या काठची भातखाचरे आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतली नाचणी-वरी यांवर गावे जगत. मृगापासून केलेली उधारी भात झोडून घरात आले की फिटे. कधी रोख, कधी धान्याच्या मापाने. वरंधा घाटाने देशावरचा माल उतरे, बाणकोटच्या खाडीतून दासगावपर्यंत गलबते येत आणि महाडची पेठ या दोहोंच्या मध्ये उभी असे. हमाल, गाडीवान, खलाशी, तोलाईदार असे कितीतरी हात या उलाढालीवर पोसले जात.

दुसरी तारीख मनीऑर्डरची. पोलादपूरसारख्या डोंगराळ तालुक्यात जमीन थोडी आणि खाणारी तोंडे अधिक. घरटी एखादा पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा एखाद्या खानावळीत राबे आणि महिन्याला पोस्टमन घरी रक्कम आणून देई. गावात शेती करणारी स्त्री आणि मुंबईत कमावणारा चाकरमानी, असा या घरांचा संसार होता. दुकानदार त्या स्त्रीला बिनदिक्कत उधार देई, कारण गिरणीचा पगार चुकत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यातील असंख्य जणांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. मुंबईतल्या संपाने कोकणातल्या वाण्याची वही अडली. रोजगार दूर असला, तरी त्याचा धक्का पेठेला बसल्यावाचून राहत नाही, हा त्यातला धडा.

तिसरी तारीख कारखान्याची. महाड औद्योगिक वसाहतीत रसायने आणि औषधांचे कारखाने उभे राहिले आणि बिरवाडी परिसराचे रूप पालटले. याच काळात कोकण रेल्वेचे काम निघाले. रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि मार्ग पुढे सरकेपर्यंत महाड तालुक्यातले वीर हेच शेवटचे स्थानक राहिले. संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये खुला झाला. रूळ टाकताना मातीकाम, खडी, पूल, बोगदे यांवर हजारो हातांना काम मिळाले; ज्यांची जमीन रेल्वेत गेली, त्यांच्या कुटुंबांना भरतीत प्राधान्य मिळाले. पण बांधकाम संपले की बांधकामाचा रोजगारही संपतो. पुढे उरले ते स्थानक, आणि स्थानक दोन्ही दिशांनी चालते. वीरला उतरून जसा कोणी महाडच्या कारखान्यात कामाला येतो, तसाच वीरला गाडीत बसून गावचा मुलगा पनवेल-ठाण्याकडे निघून जातो.

कारखान्याच्या पगाराची तारीख मात्र कायद्याने बांधलेली होती. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यानुसार हजाराहून कमी कामगार असतील तर ७ तारखेपर्यंत, अधिक असतील तर १० तारखेपर्यंत वेतन द्यावे लागे. कायम कामगाराच्या घरी दूरदर्शन संच, दुचाकी, मुलांच्या शाळेची फी असे खर्च नियमित होऊ लागले. पेठेच्या इतिहासात उधारी सर्वांत सुरक्षित होती, ती याच काळात.

आज त्याच वसाहतीच्या दारातून सकाळी आत जाणाऱ्यांकडे नीट पाहावे. यंत्रे अधिकाधिक स्वयंचलित झाली आहेत. नियंत्रण कक्षात आणि प्रयोगशाळेत रसायनशास्त्राचा पदवीधर किंवा आयटीआय झालेला तंत्रज्ञ लागतो. अशा जागा मोजक्याच. पिंपे चढवणे-उतरवणे, पॅकिंग, सफाई, पहारा, उपाहारगृह ही कामे बहुतांशी कंत्राटदाराकडे असतात. त्यांवर स्थानिक तरुणांबरोबर उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा येथून आलेले मजूरही असतात. स्थानिकांना ८० टक्के रोजगार देण्याचे राज्याचे धोरण अनेकदा ऐकू येते. परंतु त्यातील ‘स्थानिक’ म्हणजे राज्यात १५ वर्षे वास्तव्य असलेला. पोलादपूरच्या मुलाची स्पर्धा त्यामुळे सोलापूर-नांदेडच्या मुलाशीही आहे, हे आपण विसरतो.

आकडेही फसवे असतात. २००१ ते २०११ या दशकात रायगड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १९ टक्क्यांनी वाढून २६ लाख ३४ हजारांवर गेली. हे वाचून जिल्हा भरभराटीला आला, असे वाटावे. पण या वाढीत पनवेलच्या बाजूचा वाटा मोठा. त्याच दशकात लगतच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या चक्क घटली. आपला दक्षिण रायगड या दोहोंच्या मध्ये आहे. २०११ मध्ये महाड तालुका सुमारे १ लाख ८० हजारांचा, तर शेजारचे पोलादपूर जेमतेम ४५ हजारांचे. जिल्ह्याच्या सरासरीवर भिस्त ठेवून दुकान वाढवणारा व्यापारी फसतो, तो येथेच.

चौथ्या काळाला तारीखच नाही. कंत्राटी कामगाराला हजेरीप्रमाणे मोबदला मिळतो आणि कंत्राट बदलले की त्याचे खाते पुन्हा शून्यापासून सुरू होते. रायगडाच्या पायथ्याशी रोपवे १९९६ मध्ये सुरू झाला, गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, रायगडासह १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले. तेथे निवास, भोजन, वाहन यांचा व्यवसाय वाढतो आहे, पण तो सुट्ट्यांवर आणि हवामानावर चालतो. महामार्गाचे तसेच. कशेडीचा बोगदा २०२३ च्या गणेशोत्सवाआधी अंशतः खुला झाला. प्रवाशाचा वेळ वाचला आणि जुन्या घाटरस्त्यावर चहा-वडापाव विकणाऱ्याचे गिऱ्हाईक आटले. गिऱ्हाईक मोबाइलवरून जागच्या जागी पैसे देते खरे. मात्र त्याच मोबाइलवरून ते मालही मागवते.

या अस्थिरतेवर आपत्तींचे घाव पडले. २०२० ची टाळेबंदी, पाठोपाठ २२ जुलै २०२१ चा महापूर. त्या दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले आणि महाडच्या पेठेत दुकानेच्या दुकाने पाण्याखाली गेली. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी वसाहतीतील एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली, ११ कामगार दगावले. नोकरी मिळणे ही एक गोष्ट, ती टिकणे दुसरी, आणि संध्याकाळी सुखरूप घरी परतणे तिसरी. रोजगाराचा विचार करताना या तिन्ही गोष्टी मोजायला हव्यात.

आता वळू या आपल्याच गादीकडे. आपण गिऱ्हाइकाच्या नोकरीची चिंता करतो. परंतु आपल्या दुकानातला गुमास्ता कोणत्या तारखेवर जगतो? बँकेत असताना मी शेकडो स्टॉक स्टेटमेंट तपासली. त्यांत मालाचा रकाना असे, येण्याचा असे, देण्याचा असे; माणसाचा रकाना कधी नसे. मालाचा विमा बँकेच्या अटीमुळे उतरवला जाई. पुरात माल भिजला की दावा दाखल होई. दुकान दोन-तीन महिने बंद राहिले, तर गुमास्त्याच्या घरात चूल कशी पेटते, हे मात्र कोणत्याही कागदावर येत नसे.

आपल्या धर्माने हा रकाना फार पूर्वी आखून ठेवला आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आणि ‘अन्नपाननिरोध’ हे दोन आहेत. शक्तीबाहेर ओझे लादणे आणि आश्रिताचे अन्नपाणी अडवणे. परंपरेने हे प्रामुख्याने जनावरांच्या संदर्भात समजावले जाते. पण बारा तास उभे ठेवून सुट्टी नाकारणे आणि देय पगार पुढच्या आठवड्यावर ढकलणे, हे याहून वेगळे आहे काय? पाणी गाळून पिणाऱ्या आपण श्रावकांनी हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे.

कायदा येथे फारशी मदत करत नाही. भविष्यनिर्वाह निधी साधारणपणे २० कामगारांपासून लागू होतो, राज्य विमा १० पासून. तीन-चार माणसांची पेढी दोहोंच्या बाहेर राहते. म्हणून जे करायचे, ते स्वेच्छेने. पगार ठरलेल्या तारखेला आणि बँक खात्यात द्यावा. त्यातून त्या माणसाची पत उभी राहते आणि उद्या त्याला घरासाठी कर्ज मागता येते. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वार्षिक हप्ता ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचा २० रुपये. दोन्ही मिळून वर्षाला ४५६ रुपयांत प्रत्येकी २ लाखांचे संरक्षण मिळते. अटल पेन्शन योजनेत २५ व्या वर्षी सामील होणाऱ्याने महिना ३७६ रुपये भरले, तर साठीनंतर दरमहा ५ हजारांचे निवृत्तिवेतन मिळते. पर्युषणात आपण जे दान बोलतो, त्याच्या तुलनेत ही रक्कम किती?

शेवटचा मुद्दा अधिक नाजूक आहे. आपली मुले सनदी लेखापाल, अभियंता होऊन पुण्या-मुंबईत स्थिरावत आहेत. त्यांना मागे ओढण्यात अर्थ नाही. पण वारस नाही म्हणून दुकानाचे शटर कायमचे खाली येते, तेव्हा तालुक्यातून तीन-चार नोकऱ्या कमी होतात, त्याही पावसाळ्यात न बुडणाऱ्या आणि हजेरीवर न तुटणाऱ्या. जुन्या पेढ्यांत विश्वासू मुनिमाला नफ्यात भाग देण्याची रीत होती. ती पुन्हा आचरणात आणावी. वीस वर्षे गल्ला सांभाळलेल्या माणसाला भागीदारीपत्र करून आधी नफ्यात दोन-तीन आणे वाटा द्यावा. पुढे भांडवल हळूहळू काढून घेत पेढी त्याच्या हाती सोपवावी. पत्र नोंदवलेले असावे, हिशेब वर्षाला मिटवावा, नावाचा वापर किती वर्षे हे स्पष्ट लिहावे. परिग्रहाची मर्यादा घालण्याचा याहून व्यवहार्य मार्ग मला तरी दिसत नाही.

सुगी, मनीऑर्डर आणि कारखान्याचा पगार या तीन तारखांवर आपल्या पूर्वजांनी पेढ्या उभ्या केल्या. त्या तारखा ठरवणे त्यांच्या हाती नव्हते. आपल्या गुमास्त्याच्या पगाराची तारीख मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. येत्या पाडव्याला वहीपूजन कराल, तेव्हा नव्या खतावणीचे एक पान त्याच्या नावाने उघडा.