जुन्या मोटारीची पुली आणि कुंभार्लीचा उतार

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे येणाऱ्या वाहनाला पायथ्याशी पोफळी लागते. या गावाचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते डोंगराच्या पोटातील कोयनेच्या वीजगृहामुळे. १९६२ साली तेथे वीज निर्माण होऊ लागली. साठ वर्षे उलटली, तरी ‘म्हातारे झाले’ एवढ्या कारणावरून ते वीजगृह कोणी मोडीत काढलेले नाही. यंत्राचे आयुष्य कॅलेंडरवर नव्हे, तर देखभालीवर ठरते, हे तेथे गृहीत धरलेले आहे. त्याच गावातून पंधरा-वीस वर्षांच्या डिझेल मोटारी ज्या अवस्थेत घाट चढतात-उतरतात ती पाहिली, म्हणजे हे शहाणपण डोंगराबाहेर आलेच नाही असे म्हणावे लागते.

उदाहरण अगदी क्षुल्लक भागाचे घेऊ. इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला एक पुली असते. अनेक डिझेल गाड्यांत ती एकसंध नसते. आतला गाभा आणि बाहेरचे कडे यांच्यामध्ये रबराचा थर दाबून बसविलेला असतो. डिझेल इंजिनातील प्रत्येक ज्वलनाचा हादरा जबर असतो. त्याने क्रँकशाफ्टला सूक्ष्म पीळ बसतो व सुटतो. हा पीळ गिळून टाकणे, हे त्या रबराचे काम. उष्णता, गळते तेल आणि वय यांनी ते कडक होते, त्याला चिरा पडतात आणि एके दिवशी बाहेरचे कडे गाभ्यावर घसरू लागते किंवा निखळते. मग पट्टा उतरतो.

पट्टा उतरला की काय होते, हे जुन्या डिझेल गाडीच्या मालकांपैकी फार थोड्यांना माहीत असते. आल्टर्नेटर थांबतो, डॅशबोर्डवर बॅटरीचा तांबडा दिवा लागतो. परंतु डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. जुन्या यांत्रिक पंपाचे इंजिन तर विजेवाचूनही बराच वेळ चालत राहते. त्यामुळे ‘घरी गेल्यावर पाहू’ म्हणून चालक पुढे जातो. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप असेल, तर इंजिन तापत जाते, हेडचे गॅस्केट जळते आणि काही हजारांत भागणारे काम इंजिन उतरविण्यापर्यंत जाते.

याहून गंभीर गोष्ट ब्रेकची. पेट्रोल इंजिनाप्रमाणे डिझेल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला लागणारी निर्वात आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा पंप असतो. तो अनेक जुन्या गाड्यांत आल्टर्नेटरच्याच पाठीवर बसविलेला आहे. पट्टा गेला की साठलेली निर्वात दोन-चार वेळा ब्रेक दाबण्यापुरती टिकते, त्यानंतर ब्रेक लागतो, पण साऱ्या अंगाचा जोर लावल्यावर. सपाट रस्त्यावर ही गैरसोय ठरेल, कुंभार्लीच्या भर पावसातील वळणावर तिला दुसरे नाव द्यावे लागेल. म्हणून तांबडा दिवा दिसताच गाडी खालच्या गिअरमध्ये आणून कडेला थांबविणे, चाकांना दगड लावणे आणि ओढून नेण्याची व्यवस्था करणे, एवढेच शहाणपणाचे आहे.

थांबलेल्या गाडीवर होणारा उपाय पुष्कळदा अपायच असतो. नवी पुली मिळत नाही, ग्राहकाला घाई असते, तेव्हा निखळलेले कडे गाभ्याला वेल्डिंगने जोडून दिले जाते. पट्टा फिरतो, मालक खूश होतो. परंतु रबराचे काम कोणीच करीनासे झाल्यामुळे तो पीळ आता क्रँकशाफ्टलाच सोसावा लागतो, आणि तो मोडला की इंजिनच संपते. यात कारागिराला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः तो टंचाईच्या अर्थशास्त्रात सापडलेला माणूस आहे. सुमोचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, इंडिकाचे त्याआधी २०१८ मध्ये. गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या. उत्पादन थांबले की अस्सल भागांचा पुरवठा आटत जातो आणि ती जागा नकली माल घेतो. १९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन दाखविले होते की, ग्राहकाला वस्तूचा कस ओळखता येत नसेल, तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकून लावतो. दोन पुल्या टेबलावर शेजारी ठेवल्या, तर आतल्या रबराचा कस कोणता शिक्षक किंवा कारकून ओळखणार?

या प्रश्नावर शासनाचे उत्तर प्रामुख्याने वयाभोवती फिरते. पंधरा वर्षे झाली की खासगी मोटारीची नोंदणी पुन्हा करावी लागते, त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. महाराष्ट्रात पर्यावरण कर आहेच. धूर ओकणारी गाडी रस्त्यावर नको, याबद्दल दुमत नाही. परंतु नवी मोटार ज्याच्या आवाक्यात नाही, तो माणूस वाढीव शुल्क भरतो आणि ते पैसे देखभालीतून कापतो! सुरक्षिततेसाठी लावलेला आकार सुरक्षिततेच्याच मुळावर येतो. जोर असायला हवा तो सुटे भाग मिळण्यावर. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांपासून अडवून ठेवल्याबद्दल सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारीही होत्या. समित्यांचे स्वागत करण्याची आपल्याला सवय आहे. येथे हवे आहे ते बंधन: मॉडेल बंद झाल्यावरही ठराविक वर्षे सुरक्षिततेशी निगडित भाग पुरविण्याचे, आणि त्यांची यादी व किंमत जाहीर करण्याचे.

तोवर उदाहरण दूर शोधायला नको. याच घाटातून एस.टी.ची गाडी रोज जाते. तिच्या नशिबी पुष्कळ टीका असते व त्यातली बरीच योग्यही असते. पण ठरल्या मुदतीने आगारात तपासणी आणि दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा, ही व्यवस्था तिच्यामागे उभी आहे. खासगी मालकाला एवढे शक्य नाही. पावसाळ्यापूर्वी बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, हात दूर ठेवून पुली डगमगते का हे पाहणे, आणि बंद इंजिनावर रबराच्या चिरा व पट्ट्याभोवतीची काळी भुकटी तपासणे शक्य आहे. पुली बदलताना चावी व बोल्टही पाहावा आणि बोल्ट अंदाजाने नव्हे, तर टॉर्क पान्याने आवळावा. असा पाना घाटाखालच्या प्रत्येक गॅरेजात असावा, यासाठी सवलतीचे कर्ज द्यायला कोणत्याही नव्या समितीची गरज नाही.