‘जुना एमिनेम’ नावाची अफवा

‘हूडिनी’ हे गाणं ३१ मे २०२४ला आलं आणि रॅपर एमिनेमच्या चाहत्यांत उभी फूट पडली. एका गटाने आनंदाने जाहीर केलं, की आपला माणूस परत आला. दुसऱ्या गटाने तितक्याच ठामपणे सांगितलं, की एक्कावन्न वर्षांच्या माणसाने एकोणतिशीतल्या स्वतःची नक्कल करावी यासारखं केविलवाणं काही नाही. तिसरा गट रॅपर मेगन दी स्टॅलियनवरच्या त्या एका ओळीपाशी अडला आणि पुढचं गाणं त्याने ऐकलंच नाही. माझ्या मते पहिले दोन गट एकाच चुकीच्या प्रश्नावर हमरीतुमरीला आले आहेत. तिसऱ्याचा प्रश्न बरोबर आहे, पण त्याला मिळालेली उत्तरं इतकी पोकळ आहेत, की त्यांची झाडाझडती घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आधी गाण्याबद्दल. स्टीव्ह मिलर बँडच्या १९८२मधल्या ‘ॲब्राकडॅब्रा’ची चाल, वर २००२च्या ‘विदाउट मी’मधली ती ओळखीची हाळी, आणि सुरुवातीला मॅनेजर पॉल रोझेनबर्गचा वैतागलेला निरोप: अल्बम ऐकला, आता तू आणि तुझं नशीब. त्याआधीच्या महिन्यांत जाहिरातबाजी जोरात झाली होती. डेट्रॉइटच्या वर्तमानपत्रात स्लिम शेडी या त्याच्या सोंगाची चक्क निधनवार्ता छापून आणली होती. म्हणजे मयताची बातमी आधी आणि मयताचं गाणं नंतर.

पहिला आक्षेप, हा शिळ्या कढीला आणलेला ऊत आहे. चाल दुसऱ्याची, हाळी स्वतःचीच जुनी, मग नवं काय? हा आक्षेप घेणाऱ्यांना रॅपचा इतिहास माहीत नाही असं मी म्हणणार नाही. माहीत असूनही तो सोयीने विसरला जातो. उसनवारी हा या संगीताचा पायाच आहे. ‘स्टॅन’ डिडोच्या ‘थँक यू’वर उभं आहे, ‘सिंग फॉर द मोमेंट’ एरोस्मिथच्या ‘ड्रीम ऑन’वर. तेव्हा ‘उसनं घेतलं’ एवढ्याने आरोप सिद्ध होत नाही. घेतलेल्याचं काय केलं, ते विचारायला हवं. आणि तिथे मात्र आक्षेपातली निम्मी बाजू मला मान्य आहे. ‘स्टॅन’मध्ये डिडोचे प्रेमाचे साधे शब्द एका पछाडलेल्या चाहत्याच्या पत्रांशेजारी येऊन बसले आणि अंगावर काटा आणू लागले. मूळ गाणं परत ऐकलं तरी आता त्यात तो चाहता दिसतो. ‘हूडिनी’ने ‘ॲब्राकडॅब्रा’चं असं काही केलेलं नाही. धृपद आहे तसं उचललं, शब्द बदलले, संपलं.

पण कडव्यांकडे कान द्या. हा माणूस ओळीच्या शेवटी यमक जुळवून थांबत नाही. ओळीच्या पोटातही दोन-दोन, तीन-तीन अक्षरांचे जोड लावत जातो, आणि ते लावताना श्वास कुठे घेतो ते शोधावं लागतं. मिलरची ती उडती, जत्रेतल्या जादूगाराला शोभणारी चाल या कसरतीला सोयीची पडते: ठेका सरळ, म्हणून वरचा माणूस हवा तितका वाकडा चालू शकतो. ज्यांना हे ऐकू येत नाही त्यांच्याशी माझं भांडण नाही. ज्यांना ऐकू येतं आणि तरी ‘काहीच नवं नाही’ म्हणतात, त्यांच्याशी आहे.

दुसरा आक्षेप वयाचा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. टीकाकारांच्या मते त्या यादीत तारुण्यही घालायला हवं. त्यांना माझी विनंती आहे, की रिच लीने दिग्दर्शित केलेला या गाण्याचा व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघा. २००२मधला स्लिम काळाच्या भगदाडातून २०२४मध्ये येऊन पडतो: केस पिवळे, चेहरा गुळगुळीत, संगणकाने घासूनपुसून तरुण केलेला. समोर दाढीवाला, काळ्या केसांचा आजचा एमिनेम. दोघं एकमेकांना बघून खूश होत नाहीत. मारामारी होते आणि शेवटी दोघांचं एकच ध्यान तयार होतं, खाली आजची दाढी आणि वर ते पिवळे केस. ते ध्यान बघवत नाही, आणि ते तसं असावं अशीच योजना आहे. ज्याला वय लपवायचंय तो असा चेहरा स्वतःहून पडद्यावर आणत नाही. ‘म्हातारचळ’ हा शब्द टीकाकारांनी शोधून काढला असेल, तर व्हिडिओने तो त्यांच्याआधी चित्रात काढून ठेवला होता.

आणि म्हणूनच पहिल्या गटाचा जल्लोषही मला पटत नाही. जुना एमिनेम परत आला, म्हणजे नेमका कोणता? २००९मध्ये ‘रिलॅप्स’ आला तेव्हा स्लिम शेडी त्यात पुरेपूर होता: खून, वेडेवाकडे उच्चार, नटनट्यांची टिंगल. चाहत्यांनी नाकं मुरडली. इतकी, की पुढच्याच वर्षी एमिनेमने स्वतः गाण्यातून त्या अल्बमला नावं ठेवली. आज तेच चाहते ‘रिलॅप्स’ला दडलेलं रत्न म्हणतात. ज्याच्या आठवणीने गळा काढायचा, तो समोर उभा होता तेव्हा त्याला दारातून घालवून दिलं होतं. ‘जुना एमिनेम’ ही चाहत्यांची स्वतःच्या जुन्या वयाबद्दलची हळहळ आहे, आणि तिचं बिल दर वेळी नव्या गाण्याच्या नावावर फाडलं जातं. आमच्या पिढीत ही हळहळ जास्त. ‘लूज युवरसेल्फ’ कॉलेजच्या दिवसांत ऐकलेल्याला नंतरचं काहीही फिकंच वाटणार. पुण्याच्या एमसी स्टॅनने तर नावच एमिनेमच्या गाण्यातल्या त्या चाहत्याचं घेतलंय. इथली मुळं इतकी खोल गेलेली असताना तटस्थ कोण राहणार!

गाण्याचं नाव मात्र नीट बघण्यासारखं आहे. जादूगार हॅरी हूडिनी ३१ ऑक्टोबर १९२६ला वारला तो डेट्रॉइटमध्येच, एमिनेमच्या शहरात. मेल्यावर शक्य झालं तर परत येऊन ठरलेली खूण देईन, असं त्याने पत्नीला, बेसला, सांगून ठेवलं होतं. तिने दहा वर्षं दर पुण्यतिथीला त्याच्या आत्म्याला आवाहन केलं. १९३६मध्ये हॉलिवूडच्या एका हॉटेलच्या गच्चीवर शेवटची बैठक झाली, कोणी आलं नाही, आणि तिने तो नाद सोडला. साखळ्यांतून, पेट्यांतून, कोठड्यांतून सुटणारा माणूस परत येण्याच्या बाबतीत इतर सगळ्यांसारखाच निघाला. एमिनेमला हे सगळं अभिप्रेत होतं का, यावर मी पैज लावणार नाही. पण परतण्याची हाळी घालणाऱ्या गाण्याला कधीच न परतलेल्या माणसाचं नाव आहे, हे जल्लोष करणाऱ्यांच्या ध्यानात यायला हरकत नव्हती. बेसने दहा वर्षांत जे ओळखलं, ते या मंडळींना वीस वर्षं उलटली तरी उमगलेलं नाही.

आता ती ओळ. जुलै २०२०मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रॅपर टोरी लेनेझने मेगनवर गोळ्या झाडल्या. जखमा पायांना झाल्या. डिसेंबर २०२२मध्ये तो दोषी ठरला, ऑगस्ट २०२३मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. ‘हूडिनी’त त्या गोळीवर आणि त्या पायावर श्लेष केलाय. आक्षेप आला, आणि लगेच ठरलेलं उत्तर आलं: आजकालच्या पोरांना गंमत कळत नाही, स्लिम पहिल्यापासून असाच आहे, तेव्हा कोणाला काही वाटत नव्हतं.

हे धादांत खोटं आहे. १९९९च्या ‘माय नेम इज’चा ठेका ब्रिटिश गायक लॅबी सिफ्रेच्या गाण्यातून घेतलाय. सिफ्रे समलिंगी, आणि ते उघडपणे सांगणारा. शब्द वाचून त्याने परवानगी नाकारली, आणि खटकणारे शब्द बदलल्यावरच दिली. त्याचं पुढे मांडलेलं म्हणणं असं, की स्त्रिया आणि समलिंगी या ठरलेल्या बळींना झोडपणं हे आळशी लिखाण आहे. लढायचंच तर मारणाऱ्याशी लढा, मार खाणाऱ्याशी नको. दोनच वर्षांनी, २००१च्या ग्रॅमी सोहळ्यात एमिनेम एल्टन जॉनसोबत ‘स्टॅन’ गायला, तेव्हा सभागृहाबाहेर निदर्शनं चालू होती. तेव्हा आजच्या पिढीची कातडी पातळ झालीय हा सिद्धांत कृपा करून गुंडाळून ठेवावा. स्लिम शेडीचं पहिलं गाजलेलं गाणं बाजारात येण्यापूर्वीच आक्षेप आला होता, तो पन्नाशी ओलांडलेल्या एका गायकाकडून आला होता, आणि एमिनेमने तो मानला होता.

सिफ्रेची कसोटी या ओळीला लावा. गोळी झाडणारा तुरुंगात आहे, नामांकित आहे, टिंगलीला आयता सापडलेला आहे. विनोद मात्र गोळी लागलेलीवर. हा विनोद धाडसी म्हणावा, तर धाडस कुठे आहे? शब्दाला शब्द जुळला म्हणून ओळ राहिली, एवढंच. वर ज्या कारागिरीची मी बाजू घेतली, तिचा हा नासका भाग.

यावर शेवटची पळवाट अशी, की ही ओळ मार्शलची, म्हणजे सोंगामागच्या खऱ्या एमिनेमची नाही, स्लिमची. आणि १२ जुलैला आलेल्या अल्बममध्ये ‘गिल्टी कॉन्शन्स २’ या गाण्यात मार्शल स्लिमला जाब विचारून गोळी घालतो. अल्बम क्रमानेच ऐका, नाहीतर अर्थ लागणार नाही, असं एमिनेमने आधी बजावलंही होतं. मान्य. पण मग मधलंच प्रकरण सहा आठवडे आधी सुटं विकायला कोणी काढलं? गाणं सुटं विकायचं आणि जाब मात्र अख्ख्या अल्बमने द्यायचा, हा हिशेब मला मंजूर नाही. सुरुवातीच्या वर्षांत हे सोंग चाललं ते दुसऱ्यांना शिव्या देत होतं म्हणून नव्हे. त्या सोंगाआडून मार्शल मॅथर्स आधी स्वतःला सोलत होता: घरची गरिबी, आईशी वैर, मोडका संसार, अंगावर पडणारा मार. ‘हूडिनी’त जिथे तो स्वतःच्या पिवळ्या केसांकडे आणि पिकत्या वयाकडे बघतो, तिथे ते सोंग अजून जिवंत आहे. मेगनवरच्या ओळीत ते नुसतं आडोशाला वापरलंय.

अमेरिकेत ‘विदाउट मी’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, ‘हूडिनी’ही दुसऱ्यापर्यंतच गेलं, ब्रिटनमध्ये दोन्ही पहिली आली. बाजाराने फरक केला नाही. चाहत्याने करावा, एवढीच माझी मागणी आहे. हे गाणं मला आवडतं आणि त्यातली ती ओळ आवडत नाही, ही दोन वाक्यं एका दमात म्हणायला इतकं जड का जावं? एमिनेम म्हणेल, हीच ती खुसपटं काढणारी जमात. अल्बमच्या पहिल्याच गाण्यात, ‘रेनेसान्स’मध्ये, त्याने आमची यथेच्छ टर उडवलीच आहे. उडवू दे. लॅबी सिफ्रेनेही खुसपटच काढलं होतं, आणि त्यानंतर शब्द बदलून आलेल्या ‘माय नेम इज’ने एमिनेमला २०००चं ग्रॅमी मिळवून दिलं.