छोट्या यंत्राची काटकसर

बालमित्रांनो, आज घरी आई-बाबांना विचारा, "तुम्ही लहानपणी टीव्हीला जोडायचा गेम खेळलात का?" पुष्कळांना पिवळी कॅसेट आठवेल. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची! जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम' नावाचं यंत्र काढलं. आपल्याकडची बरीचशी यंत्रं म्हणजे त्याचीच नक्कल.

आता ती माळ्यावर बंद पडली आहेत. मग ते खेळ कायमचे गेले का? नाही! 'एम्युलेटर' त्यांना जिवंत ठेवतो. एम्युलेटर म्हणजे दुभाष्या. जुन्या यंत्राची आज्ञा वाचायची आणि नव्या यंत्राला समजेल अशी करून सांगायची.

२००१ साली हातात मावणारा 'गेम बॉय अॅडव्हान्स' आला. त्याच्या प्रोसेसरचे ठोके सेकंदाला सुमारे १ कोटी ६८ लाख. फॅमिकॉमचे सुमारे १८ लाख. म्हणजे जुन्या एका ठोक्यामागे नवे नऊच. तेवढ्यात आज्ञा वाचायची, अर्थ लावायचा, शिवाय चित्र आणि आवाजही सांभाळायचा. कसं भागणार? तरी 'पॉकेटनेस' या एम्युलेटरने ते जमवलं. त्याच्या युक्त्या बघा.

पहिली युक्ती : फॅमिकॉमच्या चित्रात २५६ गुणिले २४०, म्हणजे ६१,४४० ठिपके. सेकंदाला साठ वेळा ते एकेक करून रंगवत बसलं तर संपलंच! पण मागचं चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या फरश्यांचं असतं. अशा फरश्या भरतात फक्त ९६०. गेम बॉयलाही फरश्या मांडता येतात. दुभाष्या नुसतं सांगतो, "ही फरशी इथे."

दुसरी युक्ती : पुढच्या चित्राची वाट पाहताना खेळ स्वतःलाच विचारत बसतो, "झालं का? झालं का?" अगदी सहलीच्या बसमधल्या तुमच्यासारखा! एम्युलेटर हे ओळखतो आणि तेवढं काम सोडून देतो.

तिसरी युक्ती : गेम बॉयच्या पडद्यावर ओळी १६०च. मग काही ओळी गाळायच्या. इथे मात्र किंमत मोजावी लागते, कारण बारीक अक्षरं तुटकी दिसतात. ते नको असेल तर चित्र पूर्ण आकारात ठेवायचं आणि वर-खाली सरकवून पाहायचं.

आमच्या वर्गात एक जुना संगणक आहे. मुलं म्हणतात, "बाई, हा भंगारात द्या." मी म्हणते, थांबा. आधी त्याला नको ती कोणती कामं लावली आहेत, ते पाहू. काय गाळायचं, काय राखायचं, हे ज्याला कळलं त्याचं थोडक्यातही भागतं.

करून पाहा : 'सुपर मारिओ'मधले ढग आणि झुडपं नीट बघा. आकार एकच, फक्त रंग वेगळे! चौकटीच्या वहीत ८ बाय ८ घरांच्या चारच फरश्या काढा. त्याच पुन्हा पुन्हा मांडून अख्खं गाव तयार होतं का, बघा बरं! आणि पालकहो, एम्युलेटरवर खेळायचा खेळ मात्र हक्काचाच असावा.